रांग कुणाच्या हातात? राउटर, गर्दी आणि इंटरनेटचा दर्जा

उरण येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे आहेत.

आजचा विषय राउटरचा आहे. टीव्हीच्या कपाटावर ठेवलेला किंवा भिंतीला खिळ्यावर टांगलेला, दोन-चार शिंगांचा, दिवे लुकलुकणारा तो डबा. बहुतेक घरांत त्याच्याशी आपला संबंध एवढाच, की नेट अडकलं की त्याचं बटण बंद करून चालू करायचं. आज आपण त्या डब्याच्या आत काय चालतं ते बघणार आहोत.

सुरुवात एका तक्रारीपासून करू, कारण ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकतो. 'शंभरचा प्लॅन घेतलाय, स्पीड टेस्टमध्ये पंचाण्णव दाखवतं, तरी व्हिडिओ कॉल तुटतो.' मग केबलवाल्याला फोन जातो. तो म्हणतो, दोनशेचा प्लॅन घ्या. दोनशेचा घेतला जातो. आठवडाभर बरं वाटतं, आणि पुन्हा कॉल तुटतो. इथे केबलवालाही खोटं बोलत नाही आणि स्पीड टेस्टही खोटी नाही. आपण मोजतोय एक आणि आपल्याला हवंय दुसरंच, एवढाच घोळ आहे.

इंटरनेटच्या बाबतीत 'स्पीड' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, एका सेकंदात किती माल जातो. दुसरी, एक वस्तू इथून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो. उरणच्या माणसाला हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. न्हावा शेव्याच्या धक्क्याला लागलेलं मोठं कंटेनर जहाज घ्या. हजारो डबे एका खेपेत. मालाच्या हिशेबाने त्याच्या जवळपास येणारं वाहन नाही. पण त्या जहाजातून निरोप पाठवून गप्पा मारता येतील का? तुम्ही 'हॅलो' म्हणालात, तर समोरच्याचं 'हॅलो' महिन्याभराने येईल. उलट मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये माणसं मोजकीच, पण पोहोचते तासाभरात. भरती-ओहोटीची कृपा असेल तर.

रस्त्याचंही तसंच. लेन वाढवल्या की जास्त गाड्या जातात. पण १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, तेव्हा झालं ते वेगळं: शिवडी आणि न्हावा शेवा यांच्यामधलं अंतरच सुमारे २२ किलोमीटरवर आलं. लेन वाढवणं हे एक काम, वेळ कमी करणं हे दुसरं. प्लॅन वाढवणं म्हणजे लेन वाढवणं. कॉल तुटतो तो वेळेमुळे.

आता हा वेळ जातो कुठे? तारेत फार जात नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, २०० किलोमीटर. उरणहून मुंबई तर हिशेबातच धरू नका. समुद्राखालच्या केबलने युरोप गाठायचा, अंतर दहा हजार किलोमीटर धरलं, तरी एका बाजूने ५० मिलिसेकंद. दोन माणसांचं बोलणं सुखाने चालायचं असेल तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. म्हणजे उरणहून थेट युरोपात बोललो तरी हातात बरीच सवड उरते.

बाकीचा वेळ रांगेत जातो. आणि ही रांग बहुतेक वेळा युरोपात नसते, आपल्या घरापासून पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर असते.

राउटरचं काम मुळात साधं. तुम्ही पाठवलेलं सगळं, मग तो फोटो असो की आवाज, छोट्या पुडक्यांत बांधून निघतं. त्याला पॅकेट म्हणतात. मोठं पॅकेट सुमारे १५०० बाइटचं. राउटर त्यावरचा पत्ता बघतो आणि योग्य दाराने पुढे ढकलतो. एका दाराने जेवढं येतंय तेवढं दुसऱ्या दाराने गेलं तर प्रश्न नाही. पण घरातलं वायफाय ३०० एमबीपीएसने देतंय आणि बाहेरची लाइन १० ने घेतेय, तर? करळ फाट्यावर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. रुंद रस्ता अरुंद झाला की रांग लागते. राउटरकडे त्यासाठी थोडी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. जे पॅकेट लगेच जाऊ शकत नाही ते तिथे थांबतं.

रांगेचा एक स्वभाव आहे आणि तो आपल्या अंदाजाबाहेरचा आहे. समजा एक गेट आहे, एक ट्रेलर आत सोडायला सरासरी एक मिनिट लागतं. ट्रेलर ठरल्या वेळी येत नाहीत, कधी तीन एकदम, कधी दहा मिनिटं कुणीच नाही. गेट निम्मा वेळ कामात असेल, तर ट्रेलरला रांग धरून सरासरी २ मिनिटं लागतात. ८० टक्के वेळ कामात असेल तर ५ मिनिटं. ९० टक्के झालं की १० मिनिटं. ९५ ला २०, आणि ९९ टक्क्यांना १०० मिनिटं! गेट तेच, माणूस तोच, कामाचा वेग तोच. वर्दळ ९० वरून ९९ टक्के झाली, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा वाढली, आणि वाट बघणं दहापट झालं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोन कॉल्सच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला, तिथून हे शास्त्र सुरू झालं. म्हणून 'लाइन अजून पूर्ण भरलेली नाही, मग अडचण काय' हा युक्तिवाद टिकत नाही. अडचण भरायच्या आधीच सुरू होते.

मग लोकांना वाटलं, बफर मोठा करू. जागा जास्त असेल तर पॅकेट फेकावं लागणार नाही. मेमरी स्वस्त झाली होती, बनवणाऱ्यांनी सढळ हाताने घातली. आणि इथेच गंमत झाली. हा भाग जरा सावकाश घेऊ, कारण आजच्या व्याख्यानाचं मर्म इथे आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रकार घडला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ, दोन्ही एकमेकांपासून चारशे यार्डांवर. म्हणजे इथून पुढच्या नाक्याएवढं अंतर. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर आला. ४० हजार नव्हे, चाळीस. तार शाबूत होती, यंत्रं चालू होती. झालं असं, की गर्दीमुळे पॅकेटं हरवली की प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवायचा, त्याने गर्दी वाढायची, आणखी हरवायची. व्हॅन जेकबसन तिथे संशोधक होते. त्यांनी आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर उपाय काढला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवायचा. पॅकेट हरवलं की समजायचं, पुढे गर्दी आहे, आणि वेग एकदम खाली आणायचा. मूळ पद्धतीत निम्म्यावर. आज तुमचा फोनही याच तत्त्वावर चालतो.

आता नीट बघा. या व्यवस्थेत पॅकेट हरवणं हा दोष नाही, तो निरोप आहे. 'बाबा, पुढे रस्ता भरलाय, सावकाश ये' हे सांगायची नेटवर्ककडे तेवढीच भाषा होती. बफर अवाढव्य केला की काय होतं? पॅकेट हरवतच नाही, नुसतं थांबतं. पाठवणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय, तो आणखी जोरात पाठवतो. रांग भरत जाते, आणि रांगेत सगळ्यात मागे तुमच्या कॉलमधला एक 'हो' उभा असतो.

हिशेब करू. अपलोडची लाइन १० एमबीपीएस. बफरमध्ये हजार मोठी पॅकेटं मावतात. हा आकडा मी हवेतून काढत नाही, लिनक्समध्ये कित्येक वर्षं रांगेची नेहमीची लांबी हजार पॅकेटचीच होती. एका पॅकेटचे १२ हजार बिट, हजारांचे सव्वा कोटीच्या आसपास. १० एमबीपीएसने ते बाहेर पडायला १.२ सेकंद. म्हणजे १२०० मिलिसेकंद. युरोपात पोहोचायला ५०, आणि तुमच्या कपाटावरच्या डब्यात १२००! मोबाइल डेटावर अपलोड १ एमबीपीएसवर आलं असेल तर तीच रांग १२ सेकंदांची.

२०१० च्या सुमारास जिम गेटिस या अनुभवी संगणक अभियंत्याला हा प्रकार स्वतःच्या घरी दिसला. मोठी फाइल वर पाठवताना घरचं सगळं नेट सेकंद-सेकंद अडखळत होतं. त्यांनी त्याला नाव दिलं 'बफरब्लोट', म्हणजे फुगलेला बफर. आणि तरीही ही गोष्ट नवी नव्हती. जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की राउटरला अमर्याद गोदाम दिलं तरी गर्दीचा प्रश्न सुटत नाही. पॅकेटं आतच शिळी होतात. पंचवीस वर्षं त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण 'एकही पॅकेट वाया जात नाही' हे जाहिरातीला बरं दिसतं.

स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती बहुधा आधी मोकळ्या लाइनवर उशीर मोजते आणि मग लाइन भरून वेग मोजते. भरलेल्या लाइनवर उशीर किती, हे काही चाचण्या आता दाखवतात, पण मोठ्या अक्षरांत नाही.

उपायाकडे येऊ. तोही आपल्या दारातच उभा आहे. जेएनपीटीच्या, आता जेएनपीए म्हणायचं, रस्त्यांवर ट्रेलरची रांग किती लांब जायची ते मी तुम्हाला सांगायला नको. जासई, दास्तान फाट्याच्या लोकांनी ते भोगलंय. रुग्णवाहिका अडकली, शाळेची बस अडकली. बंदराने निर्यातीच्या ट्रेलरसाठी सेंट्रलाइज्ड पार्किंग प्लाझा केला. त्याने बंदराचं गेट रुंद झालं का? नाही. ट्रेलरची संख्या कमी झाली का? नाही. रांग हायवेवरून उचलून अशा जागी नेली, जिथे कुणाची कागदपत्रं पूर्ण आहेत, कुणाला आधी सोडायचं, हे बघता येतं. हायवेवरच्या रांगेत हे करताच येत नाही. तिथे जो पुढे तो पुढे. प्लाझामुळे सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही, तुम्ही मला इथून जाऊ देणार नाही. तत्त्व बघा.

राउटरवर हेच करायचं असतं, आणि त्याला शेपिंग म्हणतात. पुष्कळ लोक राउटरच्या सेटिंगमध्ये जातात, 'क्यूओएस', म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, हे बटण सुरू करतात, आणि म्हणतात, काहीच फरक पडला नाही. पडणार कसा? तुमच्या राउटरमागे कंपनीचा मोडेम असतो, फायबरवाल्यांचा ओएनटी असतो. रांग तिथे लागलीय आणि शिस्त तुम्ही इकडे लावताय. म्हणून आधी रांग आपल्या अंगणात आणायची. ती कशी? लाइन १० ची असेल तर आपल्या राउटरला सांगायचं, बाबा तू ९ नेच सोड. मग पुढचा मोडेम कधीच भरत नाही, जी काही रांग लागेल ती आपल्या राउटरमध्ये. दहा टक्के वेग आपण स्वखुशीने सोडतो. त्या बदल्यात रांगेचा ताबा मिळतो. माझ्या मते इंटरनेटवर यापेक्षा स्वस्त सौदा नाही, पण 'वेग कमी करा म्हणजे नेट सुधारेल' हे सांगितलं की लोक संशयाने बघतात.

ताबा आल्यावर करायचं काय? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता मान देण्याचा. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक शिक्का मारायला जागा असते. सहा बिटांची, म्हणजे ६४ प्रकारचे शिक्के. १९९८ मध्ये त्याची आजची रीत ठरली. त्यात ४६ क्रमांकाचा शिक्का म्हणजे 'घाईचं, आधी जाऊ द्या'. ऑफिसमधले आयपी फोन बहुधा तोच मारतात. उदाहरण घेऊ. इथल्या एखाद्या सीएफएसचं, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनचं ऑफिस. आठ कॅमेरे क्लाउडवर चित्र पाठवताहेत, प्रत्येकी १ एमबीपीएस, लाइन १० ची. म्हणजे ८० टक्के लाइन कायमची गेली. दुपारी सर्व्हेअर येतो आणि खराब झालेल्या कंटेनरचे साठ फोटो एकदम मेलवर टाकतो. त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर कस्टम एजंटचा माणूस आइसगेटवर बिल ऑफ एंट्री भरतोय, आणि साहेब फोनवर पार्टीशी बोलताहेत. फॉर्म फिरत राहतो, फोनमध्ये साहेबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

यातला फोन किती जागा घेतो बघा. नेहमीच्या पद्धतीच्या कॉलमध्ये सेकंदाला ५० छोटी पॅकेटं, प्रत्येकी २०० बाइट. म्हणजे ८० केबीपीएस. १० एमबीपीएसच्या लाइनचा एक टक्काही नाही. त्याला कायम पुढे सोडलं तरी फोटोंना कळणारसुद्धा नाही. रुग्णवाहिकेला वाट दिल्याने हायवे बंद पडत नाही, कारण रुग्णवाहिका थोड्या असतात. पण उद्या प्रत्येक ट्रेलरने वर लाल दिवा लावला तर? म्हणून मान द्यायचा तर त्याला मर्यादाही घालायची: घाईचा शिक्का असलेला माल एवढ्या टक्क्यांच्या वर गेला की तो साधा. ही मर्यादा विसरली की बाकीच्यांची उपासमार होते, आणि ते कुणी केलं हे शोधायला दोन दिवस जातात.

शिक्क्यांची दुसरी अडचण अशी, की ते तुमच्या हद्दीतच चालतात. उघड्या इंटरनेटवर पुढची कंपनी तुमचा शिक्का पुसू शकते, आणि पुसतेच बहुधा. तिने का मानावा? ज्या कंपन्यांना दोन शाखांमध्ये मान टिकवायचा असतो त्या तशा लाइनसाठी वेगळे पैसे मोजतात, करार करतात.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. यात कोण महत्त्वाचा हे ठरवायचंच नाही. एक लांब रांग करण्याऐवजी प्रत्येक संवादाला स्वतःची छोटी रांग द्यायची आणि पाळीपाळीने सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये ही समान वाटणीची रांग मांडली. केशव हे आयआयटी दिल्लीचे. साठ फोटोंच्या रांगेत साठ फोटोच उभे राहतील. आइसगेटच्या फॉर्मची रांग दोन-चार पॅकेटांची, ती पहिल्या फेरीतच मोकळी होते. जो थोडं मागतो त्याला थांबावं लागत नाही, जो खूप मागतो तो स्वतःच्याच मालामागे थांबतो.

याला २०१२ मध्ये जोड मिळाली कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच व्हॅन जेकबसन यांच्या 'कोडेल' पद्धतीची. तिची युक्ती अशी: रांग किती लांब आहे हे बघायचंच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघायचं. थोडा वेळ रांग लागली तर हरकत नाही, ती येते-जाते. पण सलग १०० मिलिसेकंद कुणीच ५ मिलिसेकंदांच्या आत सुटत नसेल, तर ही साचलेली रांग आहे. एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप जाईल. दोन्हींचा मिलाफ म्हणजे 'एफक्यू-कोडेल'. त्यात नेहमीच्या मांडणीत १०२४ छोट्या रांगा असतात. ओपनडब्ल्यूआरटी नावाची मोफत प्रणाली ज्या राउटरवर चढते त्यावर हे मिळतं. आपल्याकडचे केबलवाले मायक्रोटिकचे राउटर पुष्कळ वापरतात, त्याच्या सातव्या आवृत्तीत हे आलंय, आणि याचाच पुढचा भाऊ 'केक' हाही आलाय. तेव्हा तुमच्या केबलवाल्याला विचारायला हरकत नाही. फार तर चमकून बघेल.

डाउनलोडचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. ती रांग तर कंपनीच्या टोकाला लागते, तिचा ताबा आपल्याकडे कसा? पूर्ण येत नाही, हे खरंच. पण इकडेही आपण थोडं कमी वेगाने स्वीकारलं, एखादं पॅकेट टाकलं, की दूरचा पाठवणारा वेग उतरवतो. दोरी लांब आहे, ओढल्यावर परिणाम उशिरा दिसतो, म्हणून डाउनलोडमध्ये थोडा जास्त भाग सोडावा लागतो, दहाऐवजी पंधरा टक्के.

याने काय होत नाही तेही सांगतो. वायफाय भिंतीपलीकडे पोचत नसेल तर ही शिस्त काही कामाची नाही. राउटर मधल्या खोलीत आणा. कंपनीने एका लाइनवर फार गिऱ्हाइकं बसवली असतील आणि रात्री नऊला सगळ्यांचाच वेग पडत असेल, तर तुमच्या घरातला हिशेब कोलमडतो, कारण १० ची लाइन त्या वेळी ४ ची झालेली असते आणि तुमचा राउटर ९ नेच सोडत बसतो. आणि गेटच बंद पडलं तर रांगेची शिस्त काय करणार? २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्यात मर्स्क समूहाची यंत्रणा जगभर कोसळली, आणि त्या समूहाचं आपल्या बंदरातलं जीटीआय टर्मिनलही. कंटेनर कुठे ठेवलाय, कुणाचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर हाताने काम चालवावं लागलं. तो सुरक्षेचा विषय, आजचा नव्हे. पण काही मंडळी दोन्ही एकत्र करतात, म्हणून सांगितलं.

इथपर्यंत रांग आपल्या घरातली होती, निर्णयही आपला होता. आता हाच राउटर कंपनीच्या हातात आहे असं धरा. तिच्याकडे तीच साधनं आहेत: शिक्का, मान, मर्यादा. 'अमुक वेबसाइटने पैसे दिले, तिला पुढे सोडा' असं तिने ठरवलं तर? २०१५ मध्ये एअरटेल झिरो आणि फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरून देशभर वाद झाला तो याच कुळातला, फक्त तिथे प्रश्न वेगाचा नसून दराचा होता. दूरसंचार नियामक 'ट्राय'कडे लाखो लोकांनी ईमेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली आणि ती परवान्याच्या अटींत घातली: मजकूर बघून कुणाला अडवायचं नाही, हळू करायचं नाही, झुकतं माप द्यायचं नाही. मात्र गर्दी सांभाळण्यासाठी वाजवी व्यवस्थापन करायला मुभा ठेवली. ठेवावीच लागते. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही कामं त्याच दोन ओळींच्या सेटिंगने होतात. फरक हेतूचा, आणि तो बाहेरून ओळखणं कठीण. म्हणून मला समान वाटणीची पद्धत बरी वाटते; तिथे पॅकेटच्या पोटात काय आहे हे बघायचं कारणच उरत नाही.

कधी कधी मात्र पाठवणाऱ्यांनीच हात आखडता घ्यावा लागतो. मार्च २०२० आठवा. सगळा देश घरात, सगळे एकदम नेटवर. २४ मार्चला व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी, हॉटस्टार, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, गूगल वगैरेंनी, ठरवलं की मोबाइल नेटवर्कवर चित्राचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८० पी च्या वर जाऊ द्यायचा नाही. सिनेमा थोडा धूसर दिसला, कुणाचं काही बिघडलं नाही. त्या जागेतून शाळा चालल्या, डॉक्टरांचे सल्ले गेले, माणसं आपल्या माणसांशी बोलली.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: डेटा संपल्यावर स्पीड कमी होतो, तेही शेपिंगच का?

हो, त्याच कुटुंबातलं. कल्पना करा, एका बादलीत ठरावीक वेगाने टोकन पडताहेत. पॅकेटला बाहेर जायला टोकन लागतं. टोकन नसेल तर थांबा, हे शेपिंग. टोकन नसेल तर फेकून द्या, याला पोलिसिंग म्हणतात. कंपनी तुमच्या बादलीत पडणाऱ्या टोकनांचा वेग कमी करते, बस. त्यामुळे कोटा संपल्यावर आपल्या राउटरमधला आकडाही खाली आणावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न: मुलगा 'गेमिंग राउटर' मागतोय. महाग आहे. घ्यावा का?

मुलगा इथे असेल तर क्षमस्व. डब्यावर काय छापलंय ते बघू नका. त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक आहे का आणि अपलोड-डाउनलोडचा वेग हाताने टाकता येतो का, हे दोन प्रश्न दुकानात विचारा. साध्या राउटरमध्ये ते असेल तर साधा घ्या. महागड्यात नसेल तर तो नुसता दिसायला छान.

प्रश्न: आमच्या घरी ही रांग लागते की नाही हे कसं ओळखायचं?

दहा मिनिटांचं काम आहे, ताई. संगणकाला शक्यतो तारेने जोडा. पिंग नावाची आज्ञा चालू ठेवा, ती दर सेकंदाला उशीर दाखवते. मोकळ्या लाइनवर समजा १० मिलिसेकंद येताहेत. आता फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि आकडा बघा. १० चे २०-३० झाले तर तुमची लाइन सुदृढ आहे. ३००-४०० झाले तर कॉल का तुटतो त्याचं उत्तर मिळालं. मग अपलोडचा वेग मोजा, राउटरमध्ये त्याच्या ९० टक्के टाका, पुन्हा तीच चाचणी. आकडा खाली येईपर्यंत थोडं थोडं कमी करत जा.

प्रश्न: आमच्या शाळेत एकच लाइन आणि चाळीस संगणक आहेत. शिक्षकांना प्राधान्य द्यावं का?

प्राधान्यापेक्षा आधी प्रत्येक संगणकाला समान वाटा द्या. केकमध्ये तशी सोय आहे, संगणकागणिक वाटणी. नाहीतर एक मुलगा दहा डाउनलोड लावतो आणि दहा वाटे घेऊन बसतो. शिक्षकाच्या थेट वर्गाला हवं तर थोडा राखीव हिस्सा ठेवा. आणि विंडोजचे अपडेट शाळा सुटल्यावर होतील असं लावा. पण मग संध्याकाळी मेन स्विच बंद करून जाऊ नका, नाहीतर सकाळी पहिल्या तासाला चाळीसच्या चाळीस एकदम मागायला लागतील.